माया की दया?

पाडव्याच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली, की आई ट्रंक उघडी आणि तळाशी शालूच्या घडीत ठेवलेला पत्त्यांचा कॅट बाहेर काढी. वर्षातून तो एकदाच निघे. पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वती त्या दिवशी सारीपाट खेळले, म्हणून माणसांनीही चार डाव खेळावेत, अशी पद्धत. आई ती पद्धत पाळी, पण आपल्या अटीवर. खेळायचे ते चिंचोक्यांवर. प्रत्येकाला मोजून वीस चिंचोके मिळत. दिवेलागणीला डाव मोडला, की चिंचोके पुन्हा डब्यात आणि कॅट पुन्हा शालूत. कुणी गमतीने जरी म्हटले, "एकेक आणा लावू या की!" तरी ती काही न बोलता उठून स्वयंपाकघरात जाई.

आम्हां भावंडांना त्याचे कारण ठाऊक होते. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते सर्वांहून अधिक ठाऊक होते. ते त्या वेळी मान खाली घालून पत्ते पिशीत राहत.

मी आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. त्यांतली छत्तीस वर्षे मी विधिमंडळाच्या सचिवालयात प्रतिवेदक म्हणून काढली. सभागृहात आणि समित्यांच्या बैठकांत जे बोलले जाईल ते लघुलेखनात उतरवून घ्यायचे आणि मग टंकलिखित करून द्यायचे, हे माझे काम. त्यामुळे जुगार ही गोष्ट मी दोन बाजूंनी पाहिली. घरात पाहिली आणि कायद्यात पाहिली. या दोन्ही ठिकाणी ती एकसारखी दिसत नाही, एवढे सांगण्यासाठीच हा लेख.

पाचशे बारा कुपने

गोष्ट १९५४ सालची. मी आठ वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. आप्पा एका पेढीत कारकून, पगार एकशे चाळीस रुपये. दारू नाही, विडी नाही, रेसचे नाव नाही. त्यांना नाद होता तो शब्दकोड्यांचा.

आजच्या वाचकांना शब्दकोडे म्हणजे रविवार सकाळचा विरंगुळा वाटतो. त्या काळी शब्दकोडे हा मोठा धंदा होता. साप्ताहिकांतून कोडी येत, हजारो रुपयांची बक्षिसे जाहीर होत, आणि उत्तराच्या प्रत्येक कुपनामागे प्रवेशशुल्क भरावे लागे. आप्पा ज्या कोड्याच्या नादी लागले होते त्याला कुपनामागे चार आणे पडत.

कोडे दिसायला सोपे असे. बरेच शब्द कुणालाही सुटत. पण आठ-दहा जागा अशा ठेवलेल्या असत, की तिथे दोन शब्द सारखेच चपखल बसावेत. एक जागा मला अजून पाठ आहे : 'संसारात ही नसेल तर सुख नाही.' दोन अक्षरे. शेवटचे अक्षर 'या' दिलेले. मग 'माया' की 'दया'?

उत्तर आधीच ठरलेले, मोहोरबंद लिफाफ्यात. शुद्धलेखन, व्याकरण, वाचन यांचा इथे काही उपयोग नसे. पण आप्पांना तो आहे असे वाटे. ते शब्दकोश उघडून बसत, संतांची वचने आठवत, शेजारच्या मास्तरांना विचारून येत. "हे बुद्धीचे काम आहे," असे ते आईला सांगत, आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

आता हिशेब पाहा. एका जागी दोन पर्याय असतील, तर नक्की बरोबर यायला दोन कुपने भरावी लागतात. दोन जागा असतील तर चार, तीन असतील तर आठ. दहा जागा असल्या तर एक हजार चोवीस कुपने, म्हणजे चार आणे दराने दोनशे छप्पन्न रुपये! आप्पांकडे एवढे पैसे कुठून येणार? म्हणून त्यांनी एका जागेबद्दल मनाचा निश्चय केला. संसारात माया हवी, यात शंकाच नाही. ती एक जागा पक्की धरली, की पाचशे बारा कुपने उरतात. म्हणजे एकशे अठ्ठावीस रुपये.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याच वर्षी मॅट्रिक झाला होता. गणितात तो हुशार. त्याच्या कॉलेजच्या फीसाठी आईने वर्षभर वाचवलेले पैसे डब्यात होते. ते गेले. आईची एक पाटली गहाण पडली. आईला सांगण्यात आले की पाटलीचा टाका निखळलाय, सोनाराकडे दिलीय. तीन रात्री कंदिलाशी बसून आप्पा आणि दादा कुपने भरीत होते. पर्यायांचा तक्ता दादानेच आखला होता, एकही जोडी निसटू नये म्हणून. त्याला ते गणित फार आवडले होते. पैसे कुणाचे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते.

उत्तर आले. दया.

खाली खुलासाही छापला होता. माया आंधळी असते, ती दुःखाला कारण होते. खरे सुख दयेने मिळते, असे काहीसे. लिफाफ्यात 'माया' असती, तर तितकाच पटणारा खुलासा मायेच्या बाजूने छापता आला असता. एक चूक असलेल्यांचे बक्षीस इतक्या हजारोंत वाटले गेले, की आप्पांना मनिऑर्डर आली ती तीन रुपये पाच आण्यांची. ती नेमकी आईने सही करून घेतली, आणि मग सगळेच उघड झाले.

दादा कॉलेजात गेला नाही. एका गिरणीच्या कचेरीत हजेरीपटावर नावे लिहायला लागला. तो कधी कुरकुरला नाही. आईने आप्पांना एकच प्रश्न विचारला, तोही फार सावकाश : "माया की दया, ते राहू दे. भाडं कुठल्या शब्दात बसतं?"

एका शब्दाची किंमत

आमच्या खोलीत हे घडत होते तेव्हा तिकडे न्यायालयात याच गोष्टीचा मोठा खल चालला होता, हे मला पुढे नोकरीत लागल्यावर कळले.

मुंबई सरकारने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता. कोडी चालवणाऱ्यांनी मग परराज्यात बिऱ्हाड थाटले. साप्ताहिक छापायचे बंगलोरला, कुपने गोळा करायची मुंबईत. तेव्हा १९५२ साली कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या पत्रांनाही तो लागू केला. त्याविरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला आणि त्यांची कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी तो निकाल फिरवला. त्यांनी थेट ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून सुरुवात केली, स्मृतिकारांची मते पाहिली, आणि सांगितले की जुगार हा व्यापार नव्हेच. तेव्हा व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मागता येणार नाही.

दरम्यान संसदेनेही १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. त्यात एक साधी युक्ती होती. महिन्याची एकूण बक्षिसे एक हजार रुपयांहून अधिक नकोत आणि एका स्पर्धेला कुपने दोन हजारांहून अधिक नकोत. बस्स! हजार रुपयांच्या बक्षिसासाठी एकशे अठ्ठावीस रुपये कोण घालणार? कोड्यांचा तो सारा फुगा हळूहळू बसला. तो कायदा १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. आमच्या घरापुरता दीड-दोन वर्षे उशिरा.

पण त्याच ९ एप्रिलला दिलेल्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने एक दार किलकिले ठेवले. १९५५ चा कायदा फक्त जुगारी स्पर्धांना लागू; ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल, ती जुगार नव्हे, असे त्यात म्हटले होते.

हे दार आपल्याकडे पूर्वीपासून होते. आपला जुगार-प्रतिबंधक कायदा इंग्रजी अमदानीतला, १८८७ सालचा. त्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे, की 'केवळ कौशल्याच्या' खेळाला हा कायदा लागू नाही. 'केवळ' हा शब्द नीट पाहा. केवळ कौशल्य कशात असते? बुद्धिबळात म्हणा हवे तर. पण पुढे न्यायालयांनी 'केवळ' याचा अर्थ 'मुख्यत्वेकरून' असा लावला. १९६७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका क्लबाच्या खटल्यात सांगितले, की रमीत कोणती पाने गेली ते ध्यानात ठेवावे लागते, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे याला अक्कल लागते, तेव्हा ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नव्हे. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही याच न्यायाने कौशल्याच्या पंगतीत बसल्या.

निकाल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रमीला अक्कल लागतेच. आईला कधी कुणी हरवू शकले नाही, ते काही नशिबाने नव्हे.

समितीच्या खोलीत

मी नोकरीला लागले १९६८ साली. विधानभवन तेव्हा रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलात होते. नरिमन पॉइंटच्या नव्या इमारतीत आम्ही १९८१ मध्ये गेलो. सभागृहात आमच्या पाळ्या लागत. काही मिनिटे लिहून घ्यायचे, दुसरी व्यक्ती आली की उठायचे आणि टंकलेखनाला पळायचे.

पण खरे काम पाहावे ते समितीत. सभागृहात सभासद लोकांसाठी बोलतात. समितीत ते एकमेकांशी बोलतात. लांबट मेज, अध्यक्ष एका टोकाला, खात्याचे सचिव आणि विधि खात्याचे अधिकारी कडेला, प्रत्येकाच्या पुढ्यात विधेयकाची प्रत आणि गार होत चाललेला चहा. एकेक खंड वाचायचा. इथे 'आणि' हवे की 'किंवा'? इथे 'करील' म्हणायचे की 'करू शकेल'? ज्यांना ती तरतूद जाचणार आहे त्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकायचे. ज्याला पटले नाही त्याने आपली भिन्नमतपत्रिका जोडायची. अहवाल सभागृहापुढे ठेवला जाईपर्यंत आतले बोलणे बाहेर काढायचे नाही. ती सवय माझ्या अंगी इतकी मुरली आहे, की आज इतक्या वर्षांनीही मी इथे कुणाचे वाक्य सांगणार नाही.

जुन्या चर्चांचे खंड मात्र सर्वांसाठी खुले असत. दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात बसून मी ते वाचीत असे. घटनासमितीतली १९४९ सालची चर्चा मला तिथेच सापडली. राज्यांच्या यादीत 'पैज आणि जुगार' हा विषय घालायचा होता. काही सभासद संतापले. स्वतंत्र भारताच्या घटनेत जुगाराचे नाव कशाला? तो शब्दच काढून टाका! डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले ते अगदी शांतपणे. त्याचा मथितार्थ असा, की शब्द काढल्याने जुगार नाहीसा होणार नाही. उलट त्यावर कुणाचेच नियंत्रण उरणार नाही. विषय यादीत असला म्हणजे राज्याला तो बंदही करता येईल आणि परवानगीही देता येईल. तुम्हांला बंदीच हवी असेल, तर ती तशी स्पष्ट लिहा.

मला त्या वेळी आप्पांची आठवण झाली. आमच्या घरातही आईने तो शब्द काढून टाकला होता. 'कोडे' असे कुणी उच्चारत नसे. आणि आप्पा? ते शेजारच्या मास्तरांच्या खोलीत जाऊन कोडी सोडवीत. विनाशुल्काची, पण आईला सांगून नव्हे.

आकडा आणि तिकीट

एक बंद केले की दुसरे उघडते, हे आम्ही चाळीत बसून पाहिले. कोडी गेली, तोवर आकडा आलेलाच होता. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारयंत्राने मुंबईत येत आणि त्यांवर लोक पैसे लावीत. ते भाव येणे १९६१ मध्ये थांबले. तेव्हा लोक म्हणाले, कापूस नसला म्हणून काय झाले, आकडे तर आहेत! चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढायला सुरुवात झाली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, १९६४ साली रतन खत्री यांनी आपला निराळा. पुढे मडके गेले, पत्ते आले; मटका हे नाव तेवढे राहिले.

आमच्या नाक्यावरच्या पानपट्टीत चिठ्ठी घेतली जाई. चार आणेही चालत. गिरणगावातला माणूस पाळी संपवून घरी जाताना 'ओपन' काय आला ते विचारून जाई, आणि मध्यरात्रीच्या 'क्लोज'साठी जागा राही. खालच्या मजल्यावरचे एक काका रात्री पडलेल्या स्वप्नांवरून आकडे काढीत. साप दिसला तर अमुक, प्रेत दिसले तर तमुक. पोलीस अधूनमधून येत, दोघातिघांना धरून नेत, आणि दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर पुन्हा चुना लागे.

या आकड्याला शह म्हणूनच की काय, सरकारे स्वतःच लॉटरीच्या धंद्यात उतरली. केरळने १९६७ साली सुरुवात केली, महाराष्ट्राची लॉटरी १९६९ साली आली.

आणि आता एक गुपित सांगते. आई वारली तेव्हा तिची ट्रंक मी आवरली. शालूच्या घडीत पत्त्यांचा कॅट होता, आणि त्याच्या खाली दोऱ्याने बांधलेली राज्य लॉटरीची तिकिटे. दर महिन्याचे एक. बारा वर्षांची. एकही लागले नव्हते. मी दादाला दाखवली. आम्ही दोघे आधी हसलो आणि मग गप्प झालो. त्या बाईला नशिबाचा राग होता, असे आम्ही समजत होतो. तसे नव्हते. महिन्याला एक तिकीट, त्याहून एक पैसा जास्त नाही, एवढी आशा तिने स्वतःसाठी ठेवली होती. तिचा कायदा आप्पांच्या पाचशे बारा कुपनांविरुद्ध होता.

सरकारचे मन मात्र असे दोरीत बांधलेले नसते. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. तो अमलात आणणारी अधिसूचना कधी निघालीच नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तो कायदा पुस्तकात होता आणि व्यवहारात नव्हता. शेवटी २०२३ साली तो रद्द करायचे मंत्रिमंडळाने ठरवले. शेजारी गोव्याने निराळी वाट धरली. १९७६ च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात त्यांनी १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांसाठी सवलत ठेवली. मांडवीच्या पात्रात आज जे दिवे दिसतात ते त्या सवलतीचे. पुढे २०२० पासून गोवेकरांनाच तिथे खेळायला मनाई झाली. पाहुण्याने हरावे, घरच्याने हरू नये! मला हे वाचून आधी हसू आले. पण विचार केला तर आईचाच न्याय तो : आपल्या डब्यातले पैसे जाता कामा नयेत.

दादाचा नातू

२०२४ च्या होळीच्या सुमारास एका रात्री पुण्याहून दादाचा फोन आला. दादा सत्त्याऐंशीचा. रात्री नऊनंतर तो कधी फोन करीत नाही. "तू उद्या ये," एवढेच म्हणाला.

त्याचा नातू संगणकातला इंजिनिअर. हुशार, गुणी, आजोबांचा लाडका. दादाला न मिळालेले शिक्षण त्याने घेतले, म्हणून दादाला त्याचे कोण कौतुक! हा मुलगा चौदा महिने फोनवर पैसे लावून रमी खेळत होता. आधी पगारातले, मग साठवलेले, मग फोनवरूनच मिळणाऱ्या कर्जाचे. सहा लाख चाळीस हजार गेले होते. कर्जवसुलीवाले त्याच्या वडिलांना फोन करू लागले, तेव्हा घरात कळले.

मी गेले तेव्हा तो गॅलरीत बसला होता. मी शेजारी खुर्ची ओढली. बराच वेळ तो बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "आजी, सगळे मला जुगारी म्हणतायत. रमी जुगार नाहीये. ते स्किल आहे. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय!"

मी काय बोलणार? त्या निकालाचे संदर्भ मी माझ्या हातांनी किती वेळा टंकले असतील! माझ्या डोळ्यांपुढे आप्पा उभे राहिले, शब्दकोश मांडीवर घेतलेले. "हे बुद्धीचे काम आहे." सत्तर वर्षांनी तेच वाक्य, तोच पडलेला चेहरा. कायद्याने इतकी वर्षे एकच प्रश्न विचारला, की हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा. आईचा प्रश्न दुसराच होता. घरातून किती गेले, आणि थांबता येते का? क्लबात चार माणसे समोरासमोर बसून रमी खेळतात, तेव्हा रात्री कुणीतरी घड्याळ पाहतो, कुणाची बायको निरोप पाठवते, पैसे संपले की डाव मोडतो. फोनवरच्या रमीत डाव मोडायला कुणीच नसते. पाने तीच, कौशल्यही तेच. पण पहाटे तीन वाजताही नवा डाव मांडून तयार, आणि पैसे संपले तर कर्जही त्याच काचेवर. १९६७ साली न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे हे कुठून असणार?

दादा आतून हळूहळू आला. त्याने नातवाला रागे भरले नाही. तो म्हणाला, "पाचशे बारा कुपनांचा तक्ता मी आखला होता. मलाही ते गणितच वाटलं होतं." मुलाला काही कळले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून त्याला ही सारी हकीकत सांगितली. आमच्या घरात ती प्रथमच मोठ्याने सांगितली गेली. आप्पा जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. मुलगा ऐकता ऐकता रडू लागला, आणि मग त्याने आपल्या फोनमधले सगळे हिशेब आजोबांपुढे ठेवले.

दोन दिवसांचा कायदा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २० तारखेला विधेयक लोकसभेत आले आणि त्याच दिवशी संमत झाले; २१ तारखेला राज्यसभेने ते संमत केले; २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या वेळी सरकारने असा अंदाज सांगितला, की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात. या कायद्याने तो जुना प्रश्नच पुसून टाकला. कौशल्य असो, नशीब असो की दोन्ही असोत, पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावायचे असतील तर तो खेळ चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कंपन्यांनी काही दिवसांतच आपले डाव बंद केले आणि काहींनी न्यायालयात धाव घेतली.

दादाने बातमी वाचून मला फोन केला. "आई असती तर पेढे वाटले असते," तो म्हणाला. मलाही बरे वाटले, ते का लपवू? आमच्यासारख्या घरांना जे हवे होते ते झाले.

आणि तरीही त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. माझे आयुष्य समित्यांच्या खोल्यांत गेले, त्याचा हा दोष असेल. पण दोन दिवसांत एक कायदा होतो, तेव्हा ते लांबट मेज मांडलेच जात नाही. कुणाला साक्षीला बोलावले जात नाही. त्या कंपन्यांत नोकरी करणारी मुले काय म्हणाली असती? गुपचूप परदेशी खेळांकडे वळणाऱ्यांचे काय, हे कुणी विचारले असते? आणि कुणीतरी कदाचित आमच्या घरातल्या एखाद्या बाईलाही खुर्ची दिली असती. मी छत्तीस वर्षांत कितीतरी साक्षी उतरवून घेतल्या. मालकांच्या, अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या. डब्यातले पैसे गेलेल्या बाईची साक्ष माझ्या लेखणीखाली कधी आली नाही. तिने कायद्याची भाषा बोलली नसती. पण भाडे कुठल्या शब्दात बसते, एवढे तिने विचारले असते, आणि ते इतिवृत्तात आले असते. डॉ. आंबेडकरांनी म्हटले तसे, बंदी हवी तर ती स्पष्ट लिहावी, हे खरेच. लिहिण्याआधी ऐकावे, एवढे माझे एका जुन्या प्रतिवेदकाचे भिन्नमत.

असो. मुलाचे कर्ज अजून फिटते आहे. दर महिन्याला पगाराचा मोठा भाग त्यात जातो, आणि त्याचा हिशेब तो आजोबांच्या वहीत लिहितो. त्या वहीचे रकाने दादाने आखून दिले आहेत, पूर्वीसारखेच सरळ.

दोन पाडवे आमच्याकडे पत्ते निघाले नाहीत. परवा त्या मुलाचाच फोन आला. म्हणाला, "आजी, या पाडव्याला खेळू या का? आजोबा म्हणतात, तुम्हांला विचार."

मी ट्रंक उघडून कॅट काढून ठेवला आहे. वाण्याकडे चिंचोके काही मिळाले नाहीत. शेवटी भाजीवालीने घरून आणून दिले. मोजून प्रत्येकी वीस.